मॅट्रिकवालीचं रक्त

आमच्या वसतिगृहात मॅट्रिकला बसणारी एकच पोरगी होती, म्हणून बाकीच्या तिला मॅट्रिकवाली म्हणत. आधी चिडवायला म्हणत, मग तेच नाव पडलं. मीही तेच म्हणायची. आता लिहितानाही तेच लिहिते. तिचं खरं नाव एकदा गावाच्या तोंडी नको तसं गेलं, ते पुन्हा कोणाच्या हाती द्यायची माझी इच्छा नाही.

पन्नास ते साठच्या मधली ती वर्षं. गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला फार वेळ होता, सगळा एकच चांदा जिल्हा. आमचं गाव तालुक्याचं. एक हायस्कूल, एक दवाखाना, मोटारी थांबायची जागा आणि धानाच्या गिरण्या, बस. हायस्कूल मुलामुलींचं एकच, आणि बाहेरगावच्या मुलींसाठी शाळेच्या समितीनं हे वसतिगृह काढलेलं. मी तिथं स्वयंपाकाला होते. लग्न झालं, मालक तापानं गेला, मूलबाळ नाही. माहेरी भाऊ तलावात जाळी टाकून पोट भरत, त्यांच्यात आणखी एक तोंड कशाला? वसतिगृहाच्या बाईंनी मला ठेवून घेतलं. बाई नागपूरकडच्या, बिनलग्नाच्या, आई आणि धाकटी भावंडं त्यांच्याच पगारावर. वरून कडक, पण पोरींना ताप आला की उशाशी बसणाऱ्या. मला त्यांनी काही शिकवलं नाही हो. वाचायला मी पोरींच्या पुस्तकांवरून शिकले, भात शिजेपर्यंत. त्यामुळे माझं वाचन फार दिवस भाताएवढंच असे. भात झाला की गोष्ट तिथंच राहायची.

मॅट्रिकवाली कुरखेड्याच्याही पुढच्या डोंगरातली. घरी गोंडी बोलायची. बाप थोडं धान पिकवायचा, मोह वेचायचा, चारोळी, डिंक बाजारात आणायचा. पोरीला शिकवायचं हे त्याच्या डोक्यात कोणी घातलं देव जाणे, पण लहान असतानाच त्यानं तिला आमच्याकडं आणून सोडलं. तिला मास्तरीण व्हायचं होतं, तेही आपल्याच गावात. तिथं शाळा होती, मास्तर होता, पण तो बोले ते पोरांना कळत नसे आणि पोरं बोलत ते त्याला. "मावशी, मी मॅट्रिक झाली की त्या मास्तरले सुट्टी," असं म्हणायची. पोरी हसायच्या. "सुट्टी तर त्याले आताबी हाये, तो येतेच कुठी!" अशी एक म्हणायची आणि मॅट्रिकवालीही हसायची.

त्या हिवाळ्यात आरोग्याचं पथक आलं. जीपगाडी, एक डॉक्टर, एक बोलणारी बाई आणि दोन माणसं सामान उचलायला. मुलांना शाळेत डॉक्टर सांगणार आणि मुलींना वसतिगृहाच्या ओसरीवर ती बाई, असं ठरलं. सामान उकळायला माझी चूल मागितली. एक जण माझं भाताचं पातेलंच उचलायला लागला. मी म्हटलं, "भाऊ, त्यात तुमच्या सुया शिजवाल आणि संध्याकाळी पोरींना त्यातच भात घालू?" तो म्हणाला, "बाई, उकळल्यावर सगळं शुद्ध होते." मी म्हटलं, "मंग तुम्हीच जेवा." शेवटी पाणी तापवायचा जुना गुंड दिला.

ओसरीच्या भिंतीवर कापडाचे तक्ते टांगले. पहिल्यावर फूल होतं, त्यामुळे पोरी जरा सैल बसल्या. दुसऱ्यावर बाईमाणसाच्या पोटातलं चित्र. माना खाली गेल्या. एकीनं हळूच विचारलं, "हे काय होय वं?" शेजारची म्हणाली, "तुह्या मायचं पोट होय, तूच बसली आहेस आत." मग ज्या खिदळल्या, बाईंनी डोळे वटारेपर्यंत थांबल्या नाहीत.

त्या बोलणाऱ्या बाईनं पुष्कळ चांगलंही सांगितलं. पाळीचा कपडा कसा धुवायचा, उन्हात का वाळवायचा. आम्ही सगळ्या तोपर्यंत तो कोठीतल्या अंधारात दडवून वाळवत होतो, मीसुद्धा. दुसऱ्या दिवशी मी माझा पहिल्यांदा परसात दोरीवर टाकला. वर लुगडं पांघरून, पण टाकला.

शेवटच्या तक्त्यावर रोगाची चित्रं होती. फोड, चट्टे, झडलेलं नाक. हसणारी एकही राहिली नाही. ती बाई म्हणाली, "याला लोक गरमी म्हणतात. हा रोग आपोआप होत नाही. वाईट संगतीनं होतो."

एका बारक्या पोरीनं विचारलं, "बाई, वाईट संगत म्हणजे कोणती?"

ती बाई जरा अडखळली. "लग्नाच्या आधी जी नको ती."

"आणि झाला तर समजते कसा?"

"रक्तात समजतो. बाहेरून अंग कितीही चांगलं दिसो, रक्त खोटं बोलत नाही."

मी दारात उभी होते. हे वाक्य मला पटलं, खोटं कशाला सांगू. पोरींनाही पटलं. मॅट्रिकवाली तर तोंड उघडं टाकून ऐकत होती, गणिताच्या तासाला ऐकायची तशी.

मग रक्त काढलं. काही रडल्या, एक चक्कर येऊन पडली, तिला मी गूळपाणी दिलं. मॅट्रिकवालीनं हात पुढे केला आणि सुई आत जाताना पाहत राहिली. रक्त नागपूरला जाणार म्हणाले. गाडी गेली आणि आम्ही विसरलो.

डॉक्टर पुन्हा आला तेव्हा पोरी जेवायला बसल्या होत्या. तो बाईंच्या खोलीत गेला, दार लोटलं गेलं, आणि थोड्या वेळानं बाईंनी बाहेर येऊन मॅट्रिकवालीला आत बोलावलं. एकटीला. बस, तेवढंच झालं. बोलायला उरलंच काय होतं? रक्त सगळ्यांचं नेलं होतं आणि बोलावलं एकीला. ती परत आली तोवर तिच्या दोन्ही बाजूंच्या पोरींनी आपापली ताटं ओढून घेतली होती.

मुलांतही एकदोघांना बोलावलं होतं म्हणतात. त्यातला एक लाकडाच्या ठेकेदाराचा. तो आठवडाभर मामाकडं गेला, परत आला, क्रिकेट खेळायला लागला. त्याच्याबद्दल कोणी ब्र काढला नाही.

इकडं मॅट्रिकवालीचा लोटा वेगळा झाला, बादली वेगळी झाली, निजायची सतरंजी दाराशी गेली. मी कोणाला काही म्हटलं की पोरी म्हणत, "मावशी, तूच ऐकलं ना त्या बाईनं काय सांगतलं ते." आणि मग त्यांच्या गोष्टी सुरू व्हायच्या. "त्याइच्यात तर पोरंपोरी राती एकाच घरात नाचतात." "गोटुल म्हणतात वं त्याले." "मंग काय होणार दुसरं!" एकदा हे मॅट्रिकवालीच्या देखत झालं. ती ताटावरून उठली नाही. म्हणाली, "मी पाचवीपासून इथी हाये. तुमच्याच शेजारी निजून राह्यली. गोटुल मी पाह्यलं कधी?" पण कोणी आपलं ताट परत तिच्याजवळ सरकवलं नाही.

दवाखान्यात तिला सुया सुरू झाल्या. दवाखाना बाजाराच्या रस्त्यावर. ती बाकावर बसलेली अख्ख्या गावानं पाहिली.

आणि रोज शाळा सुटल्यावर बाई तिला खोलीत घेऊन विचारत. ओरडून नाही, अगदी मायेनं. तेच वाईट होतं. मी चहा घेऊन गेले की कानावर यायचं.

"मी तुला काही करणार नाही. फक्त नाव सांग. कोण आहे तो?"

"कोनी नाई, बाई."

"मास्तरांपैकी आहे का? घाबरू नकोस."

"कोनीच नाई."

"बाळ, मग हे रक्तात आलं कुठून?"

ती तर्कानं चालणारी पोरगी. रक्त खोटं बोलत नाही हे तिनं शिकून घेतलं होतं, तेव्हा खोटं बोलणारी कोण उरली? तीच. एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. ती आली, सुपाजवळ बसली, खडे वेचू लागली. मग म्हणाली, "मावशी, झोपेत होते काय असं? आपल्याले मालूम नसताना?"

मी म्हटलं, "काय वं वेड्यासारखी बोलतेस!"

"मोटारीत एकदा एक मानूस लय जवळ बसला होता. त्यानं होते?"

"नाई होत, माय."

"मंग मी आठवून आठवून पाह्यलं. मले काहीच आठवत नाई. पन झालं तर असंलच ना, नाई तर रक्तात कसं येईल?"

मी काय सांगणार? मला जे माहीत होतं ते त्याच तक्त्यावरचं. मी तिला जवळ ओढलं. ती रडली नाही. खडे वेचत राहिली.

समितीचं म्हणणं पडलं की बरी होईपर्यंत तिनं घरी राहावं. निरोप गेला. बाप आला. त्याचं मराठी बाजारापुरतं. बाईंनी त्याला समजेल असं, लाजत, आडून आडून सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग एकदम त्याचा चेहरा उजळला, जणू एवढंच का! त्यानं धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं. नडगीवर जुना, चकचकीत, आकसलेला डाग होता. म्हणाला, "हे का? हे सब लोकाइले होते आमच्या इथी. लहानपनी. इले बी झालतं, इथी, पायाले. जाते बाई, आपोआप जाते."

बाईंनी मान फिरवली. त्यांना वाटलं, अख्खं घरच रोगी आहे आणि याला त्याची लाजसुद्धा नाही. मलाही तेच वाटलं होतं. पोरगी मात्र बापाच्या पायाकडं पाहत होती. मग ट्रंक त्यानं डोक्यावर घेतली आणि दोघं मोटारीकडं गेली. फाटकाशी एकही पोरगी आली नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर दुसरंच एक पथक डोंगराकडं जाताना आमच्या गावी थांबलं. हे लोक पेनिसिलिनच्या सुया घेऊन खेडोपाडी फिरत. विश्रामगृहावर स्वयंपाकी नव्हता, म्हणून जेवण आमच्याकडून गेलं, आणि त्यांचा म्हातारा डॉक्टर आभार मानायच्या निमित्तानं बाईंशी बोलायला आला. मी बाईंना वाढत होते. बाईंनी विचारलं, कशाच्या सुया देता? तो म्हणाला, डोंगरातल्या पोरांना एक फोडांचा रोग होतो. माडिया रोग म्हणतात काही लोक. कातडीला कातडी लागून होतो, खेळताना, कडेवर घेताना. एका सुईत बरा होतो.

बाईंचा हात ताटातच थांबला. त्यांनी हळू विचारलं, "तो रक्तात दिसतो का?"

"दिसतो ना. मोठेपणीसुद्धा दिसत राहतो."

"आणि गरमीसारखा दिसतो का?"

म्हातारा म्हणाला, "दोघांचे किडे सख्खे भाऊ आहेत, बाई. रक्ताच्या त्या तपासणीला त्यांतला फरक कळत नाही. डोंगरातलं माणूस असेल तर आधी विचारावं, लहानपणी फोड आले होते का. का हो?"

बाई उठून आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. डॉक्टरला त्यांनी सगळं सांगितलं. तो त्यांच्याबरोबर हेडमास्तरांकडं गेला, समितीच्या दोघांना बोलावलं, आणि ठरलं की पोरीला परत आणायचं. परीक्षा तोंडावर होती. बाई म्हणाल्या, "तू जा. माझं तोंड नाही."

मी कुरखेड्यापर्यंत मोटारीनं गेले आणि पुढं बाजारकऱ्यांबरोबर चालत. रान सुकं झालं होतं, पायाखाली पाचोळा वाजायचा. आम्ही तलावाकाठची माणसं, इतकं झाड एका जागी मला सोसत नाही. जीव मुठीत धरून चालले. तिचं घर गावाच्या टोकाला. ती अंगणात बसून भावाच्या पायाला काहीतरी लावत होती. मला पाहून उठली, पाणी आणलं, मायला गोंडीत काही सांगितलं. माय माझ्याकडं बघून हसली. तिच्या कोपरावरही तसाच डाग होता.

मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. तुझ्यात काही खोट नव्हती, ते वेगळंच होतं, लहानपणचं, डॉक्टर सांगून गेला. चल, पुस्तकं घे.

ती खाली बसली. मग विचारलं, "म्हनजे माह्या रक्तानं खोटं नाई सांगतलं?"

"नाई वं."

"आनि मी बी नाई?"

"तू बी नाई."

तिथं ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मायला कळेना काय झालं ते. ती माझ्याकडं रागानं पाहू लागली.

डोळे पुसून झाल्यावर पोरगी म्हणाली, "पोरींना कोनी सांगतलं?"

मी म्हटलं, "बाईंना माहीत आहे. हेडमास्तरांना माहीत आहे."

"पोरींना?"

"नाई."

"वर्गातल्या पोराइले?"

"नाई."

"मंग मी बसू कोनाजवळ?"

"मी सांगते ना त्याइले. एकेकीला चुलीपाशी बसवून सांगते."

"तू सांगशील," ती म्हणाली, "पन तू माह्या बाजूची हायेस असं म्हनतील. ते तक्ते टांगून सांगतलं होतं, मावशी. सगळ्याइले बसवून. हे बी तसंच सांगा. एकदा. मंग मी येईन, दाराशी निजीन, वेगळ्या लोट्यानं पेईन, काही म्हननार नाई."

मी पुष्कळ समजावलं. परीक्षा, मास्तरकी, बापाची आशा. ती मान हलवत राहिली. त्यांनी मला कोंबडं कापून जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी बापानं मला कुरखेड्यापर्यंत आणून सोडलं. वाटेत एकदाच बोलला, "तिनं मनलं तर मी आनून देतो, बाई. मी नाई मनत नाई."

बाईंनी ऐकलं आणि पायात चपला घालून तशाच हेडमास्तरांकडं निघाल्या. मला बरोबर घेतलं. हेडमास्तर वाईट माणूस नव्हता. गरीब पोरांची फी स्वतः भरायचा. तो म्हणाला, "बाई, पहिल्या वेळी तो विषय निघाला तेव्हा किती पालक भांडायला आले ते तुम्ही पाहिलंत. दोघांनी तर मुली नेल्याच. आता पुन्हा सगळ्यांना बसवून गरमीचं नाव काढू? उरलेल्याही जातील. एकीसाठी सगळ्यांची शाळा बुडवायची?"

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त हो म्हणा."

"मी नाही म्हणत नाही. पण उद्या समितीनं विचारलं तर जबाबदारी तुमची."

बाई तिथं उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल ते मला दिसत होतं. नागपूरची आई, ती भावंडं. त्या म्हणाल्या, "परीक्षेआधी बघू."

मी चुलीपाशी सांगितलं. एकेकीला नाही, सगळ्यांना एकदम, भाकरी थापता थापता, जमेल तसं. एक पोरगी ताटावर रडायला लागली. दुसरी म्हणाली, "मावशीले तिचा पुळका होताच." तिसरीनं विचारलं, "असं असतं तर बाईंनी सांगतलं नसतं काय?" यावर मी भाकरी उलटली. दुसरं काय करणार?

बाईंनी रोज ठरवलं असेल, मला खात्री आहे. प्रार्थनेला उभ्या राहिल्या की क्षणभर थांबायच्या, ओठ हलायचे. मग हजेरी घ्यायच्या. असं करत परीक्षा आली. वर्गातली मुलं मोटारीनं केंद्रावर गेली, ठेकेदाराचा पोरगाही गेला. आमच्याकडून कोणी गेलं नाही. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. उन्हाळ्यात त्यांनी बदली मागून घेतली.

मॅट्रिकवाली मला त्यानंतर एकदाच भेटली, बऱ्याच वर्षांनी, कुरखेड्याच्या बाजारात. चारोळी घेऊन बसली होती, मांडीवर पोर. अंगानं भरली होती. मला आधी तिनंच ओळखलं. पोराला पुढं करून म्हणाली, "मावशी, नातू पाहून घे." पोर गुटगुटीत, अंगावर फोड ना डाग. आता सगळ्याइले सुई देऊन जातात, म्हणाली.

मी विचारलं, "शाळेत घालशील ना याला?"

"घालीन. पन आधी रक्त पाहून घ्या म्हना, मंग नाव लिहा." असं म्हणून ती हसली. मला नाही हसता आलं.

"मास्तर येतो का आता तुमच्या गावी?"

"येते. हा चांगला हाये, रोज येते. पन पोराइले त्याची बोली समजत नाई. मंग मी खिडकीपाशी उभी राहून गोंडीत सांगून देते."

"आत काऊन नाई जात?"

"तो म्हनते, साहेब आला तर रागावंल. आत शिकवायला मॅट्रिक पायजे."

तेवढ्यात पोर रडायला लागलं. तिनं पदर घेतला आणि बाजाराकडं पाठ करून त्याला पाजायला बसली.